सुनंदाचा मधाचा साबण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही. देवापुढे हात जोडले तेव्हासुद्धा नाही — तिथेही दुसरंच काहीतरी मागून उठले. आज तुम्हाला का सांगतेय, ते मलाही धड कळत नाही.

सुनंदा माझी धाकटी जाऊ. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही धुळ्याकडचे, नवरा आणि दीर दोघं सुरतेजवळ उधन्यात, कापड विणायच्या लूमच्या खात्यावर कामाला. चाळीतल्या दोन खोल्यांत सासू, आम्ही दोघी जावा, माझी मुलं आणि सुनंदाची छाया. छाया तेव्हा नुकती बोबडं बोलायला लागली होती. मला ‘मोठी माय’ म्हणायची. अजूनही म्हणते.

सुनंदा माहेरी बायकांच्या शिबिरात साबण करायला शिकली होती. त्याला चूल लागत नाही. कॉस्टिक सोडा पाण्यात टाकला की पाणी आपोआप तापतं. ते गार झालं की खोबरेल तेलात ओतायचं आणि रवीनं हलवत बसायचं. दाटून रवीची रेघ वर उमटून राहायला लागली, की शेवटी मध. मध तिचा भाऊ सातपुड्याकडून आणून द्यायचा. मग खोक्यात ओतायचं, वड्या कापायच्या आणि महिनाभर फळीवर वाळवायच्या. तोवर कुणी हात लावायचा नाही, कच्चा साबण कातडी जाळतो — हे ती पोराबाळांनासुद्धा बजावून सांगायची. आणि तयार झालेला साबण आधी घरात वापरायची, मगच दुसऱ्याला द्यायची.

चाळीतल्या बायका तिच्या साबणासाठी दारात यायला लागल्या. शेजारच्या भानुबेन वडी नाकाशी धरून म्हणायच्या, “बहु सरस, सुनंदा!” सासू तर येईल त्याला सांगायची, “धाकलीना हातले गुण शे.” धाकलीच्या हाताला गुण आहे. आणि मोठीच्या? इतकी वर्षं त्या घरात भाकऱ्या थापणाऱ्या मोठीच्या हाताला काय होतं? — ते कधी कुणी म्हटलं नाही. मी हसून ऐकत राहायचे. आत काय चाललंय ते चेहऱ्यावर येऊ न देणं मला फार चांगलं जमतं. तेव्हाही जमायचं.

मी सांगायला वेळ लावतेय. कळतंय मला.

त्या दुपारी सुनंदा साबण हलवत बसली होती आणि नळाला पाणी आलं. तिनं रवी माझ्या हातात दिली. म्हणाली, “ताई, जरा हलवत राहा, मी हंडा लावून येते.” ती गेली. कॉस्टिकचा डबा शेजारीच होता. मी झाकण काढलं, त्यातले पांढरे पापुद्रे वाटीनं घेतले आणि त्या दाटलेल्या साबणात टाकले. वरून हलवलं. दिसेनासे झाले.

मला काय हवं होतं? साबण बिघडायला हवा होता, एवढंच. वड्यांचा भुगा व्हावा, बायकांनी नाकं मुरडावीत, सासूनं एकदा तरी तोंड वाकडं करावं. एवढंच — असं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय, की आता ते खरं होतं का, हेही कळत नाही.

सुनंदा परत आली, तिनं मध घातला. भांडं नेहमीपेक्षा जास्त तापलं. “मधानं तापतं कधी कधी,” ती म्हणाली. मी मान डोलावली.

साबण बिघडला नाही. छान घट्ट वड्या पडल्या. महिनाभर त्या माझ्या डोक्यावरच्या फळीवर होत्या. रोज दिसायच्या. एक दिवस तरी धक्का लागल्याचं निमित्त करून त्या मोरीत पाडता आल्या नसत्या का? आल्या असत्या. मी पाडल्या नाहीत. महिना संपल्यावर सुनंदानं आधी स्वतःच्या हाताला लावून पाहिलं. काही झालं नाही. मग ती छायाला त्यानं आंघोळ घालायला लागली. तेव्हाही काही झालं नाही. मला वाटलं, मी सुटले. पापुद्रे वडीच्या पोटात तसेच होते, हे वडी झिजेपर्यंत कसं कळणार?

एका सकाळी मी भाकरी थापत होते. मोरीतून सुनंदाचा आवाज आला, “डोळे मीट गं, छाया.” आणि मग छाया किंचाळली.

मी धावले. पिठाच्या हातानंच पोर उचलली, डोळ्यावर पाणी ओतलं, रिक्षा थांबवली. दवाखान्यात पुढेपुढे मीच होते. चाळीत पुढे कितीतरी दिवस माझं कौतुक चाललं होतं — मोठी होती म्हणून निभावलं. मी ते कौतुकही ऐकून घेतलं.

डॉक्टरांनी विचारलं, साबणात काय होतं? सुनंदानं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, “माझंच माप चुकलं, साहेब.” मी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी होते. डाव्या डोळ्याचं बुबुळ जळून पांढरं पडलं होतं. तो डोळा गेला.

दिरानं साबणाचं सगळं सामान नाल्यात फेकलं. सासू येता-जाता टाकून बोलायची. सुनंदा उलट कधी बोलली नाही. तिचा स्वतःच्या हातांवरचा विश्वासच गेला. साधी डाळ केली तरी वाटी घेऊन माझ्याकडे यायची — “ताई, मीठ बरोबर आहे का बघा ना.” आणि मी चव घेऊन सांगायचे, बरोबर आहे. वर्षानुवर्षं.

पुढे ते सुरतेतच भेस्तानला राहायला गेले. छायाला स्थळं आली, बघून परत गेली. लग्न झालं नाही. ती शिवणकाम करते, आईबापांना तिनंच सांभाळलं.

गेल्या वर्षी सुनंदा आजारी पडली, पोटाचं दुखणं होतं. मी भेटायला गेले. मी समोर असतानाच तिनं छायाचा हात धरला आणि म्हणाली, “माझ्या हातानं तुझा डोळा गेला. मला माफ कर.” छाया तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. म्हणाली, “आई, तू काय मुद्दाम केलं होतंस का?”

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. दोघींपासून हातभर अंतरावर.

त्याच आठवड्यात सुनंदा गेली. खरं काय झालं ते छायाला अजून माहीत नाही.

मी मुद्दाम केलं होतं.