पाय खाली घे

"कातडं जोडायचं काम तुमच्याकडचंच ना रे? मग हॉस्पिटलला कशाला गेलास? घरीच चार टाके मारायचेस!"

अविनाश सर असं म्हणाले आणि लाउंजमधली सगळी माणसं हसली. लीड्समधली मराठी माणसं. दोन डॉक्टर, काही बँकवाले, माझ्याच ऑफिसातले दोघं. हातात मोदकांच्या प्लेटा. मी सोफ्यावर आडवा, डावा पाय उशांच्या ढिगावर, बँडेजमध्ये गुंडाळलेला. समोर गणपती.

मीही हसलो.

आम्ही चांभार. आबा, म्हणजे माझे आजोबा, तालुक्याला एसटी स्टँडबाहेर बसून चपला शिवायचे. त्यांच्याच हातच्या चपला घालून मी शिकलो, इंजिनियर झालो, वर्क परमिटवर इंग्लंडला आलो. हे मी कुणापासून लपवलं नाही. आडनाव सांगितलं की "मूळचे कुठले तुम्ही?" हा प्रश्न येतोच, आणि मी सरळ उत्तर देतो. अविनाश सर माझे मॅनेजर. परमिट वाढायचं तर त्यांच्या शिफारशीशिवाय पान हलायचं नाही. राहायचोही त्यांच्याच घरी, वरच्या छोट्या खोलीत, भाडं देऊन. म्हणजे नोकरी त्यांच्या हातात आणि छप्परही त्यांचंच.

पायही त्यांच्याच दारात गेला.

दोन हजार चार साल. ऑगस्टचा बँक हॉलिडे. सर मागच्या अंगणात पॅटिओ करत होते, म्हणजे बसायला फरशीचा ओटा. "ये रे जरा हात लावायला," म्हणाले. गवत कापायचं असो, माळ्यावरच्या बॅगा काढायच्या असोत, हाक मलाच. ऑफिसातल्या दुसऱ्या कुणाला कधी मारली नाही. शहाबादीच्या दुप्पट जाड फरशी आम्ही दोघांनी उचलली होती. त्यांचा फोन वाजला. त्यांनी आपली बाजू सोडली. फरशी माझ्या पायावर आली. मोजा ओढून काढावा तशी पायावरची कातडी निघाली. अँब्युलन्सवाल्याला सरांनी सांगितलं, "ही ड्रॉप्ड इट." याच्या हातून पडली म्हणे. मी ओरडत होतो. खोडून काढण्याइतकी शुद्ध नव्हती. पुढे तीच गोष्ट सगळ्यांना सांगितली गेली.

मांडीची कातडी सोलून पायाला लावली. पायापेक्षा मांडीच जास्त जळायची. रॉकेल ओतून पेटवल्यासारखी. घरी सोडताना वॉर्डातल्या नर्सनं बजावलं, पाय कायम छातीच्या वर ठेवायचा. खाली सोडलास तर रक्त साठेल आणि नवी कातडी मरेल. टॉयलेटपुरतं उठायचं, की परत पाय वर.

जिना चढता येईना, म्हणून मला खाली लाउंजमध्ये ठेवलं. सरांची बायको, मेधावहिनी, वरण-भात आणून द्यायच्या. खोटं कशाला बोलू, गरम द्यायच्या. पण फोनवर ज्याला त्याला ऐकवायच्या, "अगदी घरातल्यासारखं ठेवलंय हो त्याला." मी ते सोफ्यावरून ऐकायचो आणि भात गिळायचो.

मग गणपती आला. पुण्याहून केबिन बॅगेतून आणलेली मूर्ती. टीव्ही हलवला आणि त्या जागी मखर लावलं. बरोबर सोफ्यासमोर.

"अरे, पाय बाप्पाकडे होतायत तुझे," वहिनी म्हणाल्या.

मी उलटा झोपलो. डोकं मखराकडे, पाय दाराकडे.

"आता येणाऱ्या-जाणाऱ्याला पाय दाखवणार का?" सर म्हणाले.

सोफाच फिरवू या म्हटलं, तर म्हणे कार्पेटवर डाग पडतात. त्या घरात माझ्या पायाला दिशाच उरली नाही. मी पुन्हा होतो तसा झोपलो.

तर त्या संध्याकाळी चांभारकीचा विनोद हसून झाला आणि टाळ वाजायला लागले. सर माझ्या कानाशी वाकले.

"पाय खाली घे. आरती आहे."

"सर, डॉक्टरांनी सांगितलंय..."

"पाच मिनिटं. मरत नाहीस."

घेतला. कुबड्यांवर उभा राहिलो. पाच मिनिटं कसली? गणपतीची झाली, शंकराची झाली, देवीची, विठोबाची, वर मंत्रपुष्पांजली. पाय भरत गेला. आधी मुंग्या, मग ठणका, मग बँडेजमधून ओल. पाय खाली सोडायचा नसतो हे त्या दोन डॉक्टरांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. दोघंही डोळे मिटून टाळ्या वाजवत होते.

मला आबा दिसले. चपलेचं माप द्यायला गावातले बडे लोक त्यांच्या मांडीवर पाय ठेवायचे. चिखलाचा, शेणाचा, कसाही. आबा धोतराच्या सोग्यानं तो पुसायचे आणि मग माप घ्यायचे. लहानपणी मला वाटायचं, मांडी असतेच त्यासाठी.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग होतं. क्लिनिकमधल्या नर्सनं पट्टी सोडली आणि दिवा जवळ ओढला. बोटांजवळची कड काळी पडली होती. ती माझ्याशी नेहमी मोठ्यानं, सावकाश बोलायची, बहिऱ्याशी बोलावं तसं. उभा राहिला होतास का, विचारलं. प्रार्थना होती म्हटलं. तिनं समजूतदार चेहरा केला.

"इज इट यॉर रिलिजन, लव्ह?"

राग तिचाही आला. पण प्रश्न रास्त होता. पाय सडवून उभं राहायचं, हा कुणाचा धर्म?

"नो," म्हणालो. "नॉट माइन."

अजून एवढं गेलं तर परत ऑपरेशन, ती म्हणाली. आणि या वेळी दुसऱ्या मांडीची कातडी काढावी लागेल.

त्या संध्याकाळी पुन्हा तीच माणसं, तेच टाळ. सर वाकले.

"पाय खाली घे."

"नाही."

"काय?"

"नाही घेणार. फरशी तुम्ही सोडलीत, सर. फोन वाजला म्हणून. माझ्या हातून पडली नाही. कातडी माझ्या मांडीची, पाय माझा. तो इथंच राहील."

टाळ थांबले.

"देवासमोर काय बोलतोस हे!" वहिनी ओरडल्या.

"देवासमोरच बोलतोय, वहिनी."

सर इंग्रजीत गेले. राग आला की ते इंग्रजीत जातात. "आफ्टर एव्हरीथिंग वुई डिड फॉर यू! यू पीपल विल नेव्हर चेंज." मग मराठीत आले. "उद्या दुसरी जागा बघ. आणि परमिट विसर."

ऑफिसातले दोघं तबकातल्या कापराकडे बघत राहिले. मग कुणीतरी घाईघाईनं आरती सुरू केली. ती संपेपर्यंत माझा पाय उशांवर होता. सरळ मखराकडे. गणपतीनं काही हरकत घेतली नाही.

परमिट वाढलं नाही. सरांनी शब्द पाळला. मी लंडनला, वेम्बलीत एका ओळखीच्याच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून राहिलो, पाय भिंतीला टेकवून, उंच. कातडी धरली. काळी कड गेली, बाकीची माझी झाली. आता ती चकचकीत दिसते, जाळीदार, आणि कुठलाही बूट तिथं घासतो. नोकरी नंतर मिळाली, कॉव्हेंट्रीत, पहिल्यापेक्षा कमी पगाराची, आणि नवं परमिट त्या कंपनीनं काढलं.

त्या घरात अजून सांगतात म्हणे, किती केलं त्याच्यासाठी, पण शेवटी जातीवर गेला.

हो. गेलो. आबांच्या मांडीवर तुम्ही पाय ठेवलेत. माझी मांडी मी माझ्या पायासाठी सोलली आहे. आता तिच्यावर दुसऱ्या कुणाचा पाय येणार नाही, आणि तुमच्या सांगण्यावरून माझा पाय खाली येणार नाही. देवासमोर नाही, तुमच्यासमोर तर नाहीच.