विमानाच्या वाटेची मोजणी

माझ्या बापानं आमच्या आंजी गावात आयुष्यभर दुसऱ्यांची वावरं वखरली. स्वतःच्या नावाचा सातबारा त्यानं कधी पाहिला नाही. मी बी.एस्सी. होईपर्यंत आमच्या घरी सरकारी कागद आला की तो वाचून घ्यायला आई गुरुजींकडे जायची. आज मी भूकरमापक आहे. म्हणजे सरकारी मोजणीदार. लोकांच्या हद्दी दाखवतो.

सीमेवर लढाई चालू होती, त्या आठवड्यात साहेबांचा फोन आला.

"मशीन घे आणि निघ. हवाई दलाला मोजणी पाहिजे."

आंजीच्या पुढे एका गावाजवळ लढाऊ विमान पडलं होतं. लढाईवर जाण्याआधीचं सराव उड्डाण होतं. इंजिनाला आग लागली. वैमानिक एकटाच, जेमतेम तिशीचा. सीटसकट बाहेर पडायची सोय होती, ती त्यानं वापरली नाही. विमानासोबत नाल्यात गेला.

चौकशीला आलेल्या विंग कमांडरनी अपघाताच्या तिसऱ्या दिवशी मला काम समजावलं. पेटलेल्या विमानाचे तुकडे वाटेत पडत जातात. त्या जागा जोडल्या की विमानाची वाट दिसते. ते आपसूक कलंडत गेलं असेल, तर वाट हळूहळू वाकते. वैमानिकानं वळवलं असेल, तर ती एका जागी मुरडते.

"वळण सिद्ध झालं नाही, तर त्याचा ताबा सुटला एवढंच लिहावं लागेल," ते म्हणाले. "त्याच्या आईवडिलांना तेच वाचावं लागेल."

पण वावरात एकही तुकडा नव्हता. गावानं सगळे वेचून बुद्धविहारात नेले होते. पांढऱ्या कापडावर ओळीनं मांडून वर फुलं वाहिली होती.

विंग कमांडरनी कपाळाला हात लावला. "ये क्या किया आप लोगों ने?"

गिरजाबाई नावाची म्हातारी पुढे झाली. "आमच्यासाठी गेला तो पोरगा. त्याचं सामान ढोराच्या पायाखाली काऊन ठेवाचं?"

"आजी, कोणता तुकडा कुठून उचलला, आठवते काय?" मी विचारलं.

"आपलं वावर कोनाले नाई आठवत?"

मग ज्यानं जो तुकडा उचलला, त्यालाच त्या जागी उभं केलं. कोणी विहिरीपासून पावलं मोजली, कोणी आंब्यापासून. भर उन्हात माणसं आपापल्या जागी उभी राहिली. मी प्रत्येकापाशी रोव्हर टेकवला. ही काठीवरची मशीन उपग्रहावरून जागा घेते. वाट सरळ वस्तीकडे येत होती. नाला डावीकडे होता.

शेवटचा मोठा पत्रा भीमरावजी आणि नामदेव या हद्दीवरून वर्षानुवर्षं भांडणाऱ्या शेजाऱ्यांनी मिळून उचलला होता. भीमरावजी म्हणाले, हद्दीच्या दगडापासून तीन पावलं. नामदेव म्हणाला, बाभळीपासून पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या सात ओळी. जागा दोन निघाल्या. भीमरावजींची जागा धरली तर वाट हळूहळू वाकत होती. नामदेवची धरली तर मुरडत होती.

"दोघांपैकी एकच खरी," मी म्हटलं. "या एका जागेवर त्या पोराचं नाव अडलं आहे."

भीमरावजींनी डोक्याचा दुपट्टा काढला. "नामदेवचं खरं आहे. दगड जागेवर नाई."

"म्हणजे?"

"काल सरकवला मी, पत्रा उचलल्यावर. सारं गाव विहारात होतं तवा."

मोजणीदारासमोर असं कोणी कबूल करत नाही. माझ्या नोकरीत तरी पहिल्यांदाच ऐकलं.

नामदेव तापला. "अन् इतके वर्षं मलेच चोर म्हनून राह्यला होता बे?"

"माहं चोरीचं मंग काहाड. आज त्या पोराचं मोजू दे."

नामदेव पुन्हा ओळी मोजायला बाभळीकडे वळला. भीमरावजींनी दगडाची जुनी जागा दाखवली. माती अजून भुसभुशीत होती. तिथून तीन पावलं टाकली, तर बाभळीपासूनची सातवी ओळ तिथंच आली.

वाट वस्तीच्या अलीकडे नाल्याच्या बाजूला मुरडली होती.

विंग कमांडरनी स्क्रीनवरच्या त्या वळणावर बोट ठेवलं. "बैठा रहा वो," ते म्हणाले. "आख़िर तक बैठा रहा."

माझी मशीन जागा सेंटिमीटरपर्यंत बरोबर सांगते. पण कुठे टेकवायची, ते माणसानंच खरं सांगावं लागतं.

चौकशीच्या अहवालात लिहिलं गेलं, की वैमानिकाचा दोष नाही, त्यानं विमान वस्तीपासून वळवलं. सोबत जोडलेल्या नकाशावर मोजणीदार म्हणून माझी सही आहे.