शंकासुर बघायला आनेकलपर्यंत

ताईच्या अ‍ॅरिझोनातल्या अंगणात लाल-पिवळ्या फुलांचं एक झुडूप आहे. वाळवंटी उन्हातही ते फुलतं आणि त्यावर हमिंगबर्ड येतात. ताई त्यांचे व्हिडिओ आईला पाठवायची. नागपूरचं घर बंद करून आई बंगळुरूला माझ्याकडे राहायला आली होती; ते व्हिडिओ बघून बघून ती कायमचं तिकडेच जायचं म्हणू लागली. एकदा मी व्हिडिओ थांबवून पानं नीट पाहिली. आपला शंकासुरच होता. म्हटलं, इथेच दाखवू, म्हणजे राहील.

शनिवारी सकाळी निघालो. पिवळ्या मार्गिकेची मेट्रो बोम्मसंद्रापर्यंत, पुढे आनेकलची बस. स्वतःची गाडी नेऊ नका, ट्रकांमागे रांगावं लागतं. बसस्टँडसमोर तट्टे इडली मिळते, ताटलीएवढी.

"ही इडली आहे की भाकरी?" म्हणत आईने दुसरी मागवली.

गावाबाहेरच्या रोपवाटिकेचं कुंपणच शंकासुराचं आहे, पूर्ण फुललेलं. मालकीणबाई आईला म्हणाल्या, "अक्का, स्वल्प नीरु साकु." थोडं पाणी पुरे, लाड केले तर नुसती पानं वाढतात.

"अगं, हा तर आमच्या शाळेच्या फाटकाशी होता! याच्यासाठी मी विमानात बसणार होते?" आई हसली.

तेवढ्यात एक चकचकीत जांभळा पक्षी फुलासमोर फडफडला. आईने तिथूनच ताईला फोन लावला. "बघ गं, तुझा हमिंगबर्ड इथेही आहे. मी कशाला येऊ तिकडे?"

मला एवढंच हवं होतं.

पण मी सॉफ्टवेअर तपासते. चुकीचं विधान पुढे जाऊ देणं मला जमत नाही. "आई, हा शिंजीर. हमिंगबर्ड फक्त अमेरिकेकडेच असतात."

"बरोबर बोलली ती," ताई लगेच म्हणाली. "खरे बघायला इकडेच यावं लागेल."

आईने पक्ष्याकडे पुन्हा पाहिलं. "हो नं. हा फांदीवर बसून पितो. तिचे हवेत थांबतात."

परतीच्या बसमध्ये तिने विचारलं, "तिकडे थंडीत स्वेटर लागेल का गं?"

"लागेल. पहाटे."

आनेकलला जरूर जा. ऊन चढायच्या आत पोहोचा, पक्षी तेव्हाच जास्त असतात. सोबतच्या माणसाने त्यांना काहीही नाव दिलं, तर देऊ द्या.

आई ताईकडे गेली. तिच्या खोलीत मी आता ऑफिसचं टेबल लावलंय. तिथे इंटरनेट चांगलं चालतं.