नेरिस बेब गप्प बसली तेव्हा

नेरिस बेब आरोग्य मंडळाला फितूर झाली, तीही एक कप चहा आणि काकडीच्या दोन सँडविचवर, ही बातमी सकाळी डेलिथच्या सलूनमध्ये जन्मली आणि दुपारपर्यंत वेल्समधल्या पेन्त्रवेर्न गावभर धावायला लागली. खाटकाच्या दुकानात पोचेपर्यंत काकडीची जागा सॅमन माशानं घेतली होती.

यातला चहा तेवढा खरा. मंडळाच्या साहेबांबरोबर नेरिस तो प्यायली, कारण संध्याकाळच्या सभेत त्यांच्या कानात तिलाच बोलायचं होतं. नेरिस दुभाषी. कोणी वेल्शमध्ये बोललं की त्याचं इंग्रजी करून हेडफोनमधून साहेबलोकांच्या कानात सोडायचं, यावरच तिची चूल पेटायची. बोलणारा ‘मी’ म्हणाला की तिनंही ‘मी’च म्हणायचं. असं ‘मी, मी’ करत ती आजवर शेजाऱ्याच्या मेंढ्या चोरून बसली होती, दोनदा घटस्फोट मागून झाला होता, आणि एकदा तर भर न्यायालयात तिनं चर्चचं छप्परही पळवलं होतं. घरी मात्र नवऱ्याला विचारावं लागायचं, ‘‘बाई, आता बोलतेयस ती तू की दुसरं कोणी?’’

सभेला जाण्याआधी ती केस नीट करून घ्यायला डेलिथकडेच गेली. अंगात खोडी होतीच.

‘‘मग, आमच्या बाजूनं बोलणार की त्यांच्या?’’ डेलिथनं आरशातूनच विचारलं.

‘‘जो बोलेल त्याचं बोलणार.’’

‘‘आणि तुझं स्वतःचं?’’

‘‘केस काप, डेलिथ.’’

पण डेलिथचा तो शेवटचा प्रश्न तिला लागला. गावातलं बारा खाटांचं इस्पितळ बंद करायचं मंडळाच्या मनात होतं. निर्णयाआधी लोकांचं ऐकून घेणं त्यांना भाग होतं, म्हणून ही सभा. अख्ख्या गावाला तोंड उघडायची मुभा होती, फक्त नेरिसला नव्हती. दुभाष्यानं स्वतःचा एक शब्द घालायचा नाही, समोरच्याचा एक गाळायचा नाही. हा नियम मोडला की काम गेलं.

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर मंडळाचे तिघे, दोन साहेब आणि एक बाई. मधले हारग्रीव्ह्ज, मोठे सुस्वभावी दिसणारे, सारखी मान डोलावणारे. कोपऱ्यात नेरिसचं टेबल आणि मायक्रोफोन. गावकऱ्यांत हेडफोन लावून बसलेला एकटा क्लाइव्ह, लोखंडी सामानाचा दुकानदार. बर्मिंगहॅमहून येऊन त्याला पंधरा वर्षं झाली होती, पैकी चौदा तो वेल्श शिकत होता. सभेत झोपायचं तर हेडफोनइतकी ऊबदार गोष्ट नाही, असं त्याचं मत. त्याचं घोरणं गावानं पुष्कळदा ऐकलं होतं.

सुरुवातीची भाषणं झाली. मग टपालवाला इद्वल उठला. निवृत्त होऊन जमाना लोटला तरी गावाच्या लेखी टपालवालाच. त्याची बायको केनवेन त्या बारांतल्या एका खाटेवर होती. इद्वलनं हातातली टोपी मुरगाळली आणि वेल्शमध्ये सुरुवात केली.

‘‘माझ्या बायकोचं डोकं आता जागेवर नसतं,’’ तो म्हणाला, आणि नेरिस हलक्या आवाजात इंग्रजीत म्हणाली, ‘‘माझ्या बायकोचं डोकं आता जागेवर नसतं.’’

‘‘इंग्रजी गेलं तिचं. पुसलं गेलं. लहानपणीची भाषा तेवढी राहिली.’’

नेरिसनं मंचाकडे डोळे उचलले.

हारग्रीव्ह्जसाहेबांचा हेडफोन त्यांच्या गळ्यात होता. डावीकडच्या साहेबाचा कागदांखाली. उजवीकडच्या बाईंनी तर आपल्या हेडफोनची वायर अजून सोडलीही नव्हती. आणि हारग्रीव्ह्ज मान डोलावत होते. इद्वल थांबला की हळूच एकदा, त्याचा आवाज चढला की भुवया आवळून दोनदा. इतकी समजूतदार मान की त्या मानेकडे बघून म्हातारा धीर धरून बोलत होता.

नेरिसचा आवाज त्यांच्या शर्टाच्या कॉलरमध्ये पडत होता.

ओरडून सांगावं? ते तिचं स्वतःचं बोलणं झालं असतं. मग उद्या मंडळच म्हणालं असतं, दुभाषीच गावाकडून पढवलेली होती, ही सभाच धरू नका. चालू ठेवावं? मग इद्वलचं म्हणणं ‘ऐकून घेतलं’ अशी नोंद होणार आणि निर्णय व्हायचा तोच होणार.

‘‘मागं तिला डोंगरापलीकडच्या मोठ्या इस्पितळात नेली,’’ इद्वल सांगत होता. ‘‘तिथं आपली भाषा कोणालाच येत नव्हती. माणसं वाईट नव्हती. पण मी दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा तिचे ओठ फुटले होते. नर्स म्हणाली, आजी सारखं काहीतरी पुटपुटतात. ती पाणी मागत होती हो.’’

नेरिसनं तोंड उघडलं आणि मिटलं. मायक्रोफोनवरचा लाल दिवा जळत राहिला, पण तिच्या तोंडून अक्षर निघालं नाही.

हारग्रीव्ह्जनी मान डोलावली.

इद्वलला कशाचाच पत्ता नव्हता. तो बोलतच राहिला. गावालाही पत्ता नव्हता. गावाला वेल्श कळत होतं, नेरिसची त्यांना गरज काय? तिचा आवाज थांबल्याचं कळेल तर एकट्या क्लाइव्हला, आता सगळा भरवसा त्याच्यावर, आणि क्लाइव्हची हनुवटी छातीवर टेकलेली. तो झोपला असेल तर म्हातारा बोलून खाली बसणार, आणि एका भल्या माणसाचे शब्द नेरिसनं स्वतःच गिळले असं होणार. इद्वलचा आवाज उतरणीला लागला होता. शेवट जवळ आला होता.

क्लाइव्हनं हेडफोनवर टिचकी मारली.

मग आणखी एक. मग काढून आत फुंकर घातली, पुन्हा लावला, आणि वळून नेरिसकडे बघितलं. नेरिस त्याच्याकडे बघेचना. ती एकटक मंचाकडे बघत होती. क्लाइव्हची नजर तिच्या नजरेमागून गेली आणि साहेबांच्या गळ्यापाशी थांबली. वेल्श येत नसलं तरी हे त्याला येत होतं.

तो उठला. ‘‘साहेब, माफ करा. माझ्या कानात काहीच येत नाहीये. तुमच्या येतंय का?’’

‘‘हो हो,’’ हारग्रीव्ह्ज म्हणाले. ‘‘अगदी स्वच्छ.’’

‘‘बरं झालं. मग इद्वल आत्ता काय म्हणाला, तेवढं सांगा की. माझं हुकलं.’’

हारग्रीव्ह्जनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. बाई वायर सोडायला लागल्या होत्या.

‘‘त्यांच्या भावना,’’ साहेब म्हणाले, ‘‘आमच्यापर्यंत पोचल्या.’’

‘‘भावना नाही विचारल्या. काय म्हणाला ते विचारलं.’’

मागून डेलिथ म्हणाली, ‘‘राहू दे क्लाइव्ह, घाम आलाय बिचाऱ्यांना.’’

इद्वल टोपी धरून उभाच होता. त्याला हळूहळू उमगत गेलं, तसा त्याचा चेहरा पडला. नेरिसला ते बघवेना. मग त्यानं घसा साफ केला. ‘‘परत सांगतो,’’ तो म्हणाला. ‘‘टपाल परत आलं तर दुसऱ्यांदा टाकायला जायचंच असतं.’’

तिघांनी हेडफोन चढवले. इद्वलनं पहिल्यापासून सांगितलं आणि नेरिसनं त्याच्यामागून. पाण्याच्या वाक्याशी आली तेव्हाही शब्द एकही गळला नाही, एकही वाढला नाही. या खेपेला साहेबांची मान जागची हलली नाही.

निर्णय पुढं ढकलला गेला. सभा नव्यानं घ्यावी लागेल, असं मंडळाला वरून सुनावण्यात आलं. बारा खाटा अजून तरी आहेत. पुढचं कोणी सांगावं. सलूनमधून आता बातमी अशी येते की सॅमन नेरिसनं साहेबांच्या तोंडावर फेकून मारला. मंडळानं तिला पुन्हा कधी बोलावलं नाही, आणि दुभाष्यांच्या संघटनेकडे तिची तक्रार गेली ती वेगळीच.

सभेच्या रात्रीच दाराशी कोट चढवता चढवता हारग्रीव्ह्जनी तिला गाठलं होतं. ‘‘बाई, मधेच गप्प बसलात. तुमचं काम होतं ते. का बसलात?’’

नेरिस म्हणाली, ‘‘मान तर हलत होती, साहेब. म्हटलं, माझ्यापेक्षा चांगला दुभाषी मिळालाय तुम्हाला.’’