देवीचा उजवा

“आर्ट्स की सायन्स, ते एकदाचं बोल!” खिडकीतला कारकून ओरडत होता. आवाज असा, की कृष्णेत डुंबणाऱ्या म्हशींनीही आपला विषय सांगून टाकला असता. मी मात्र खिडकीचा गज धरून उभा. दुसरी मोठी लढाई संपली त्या सालची ही गोष्ट. सांगलीच्या कॉलेजात नाव घालायला मी आटपाडीहून एकटाच आलो होतो, आणि खिडकी बंद व्हायची वेळ झाली होती.

खरं तर उत्तर ठरलेलं होतं. पलटणीतून परतलेल्या माझ्या वडलांना, आबांना, मला डॉक्टर करायचं होतं. पलटणीत म्हणे डॉक्टर दिसला की तोफासुद्धा मान खाली घालतात. मला ओढ इतिहासाची. गणिताचं पुस्तक उघडलं की अंगात असा ताप चढायचा, की आईनं त्यावर दोन भाकरी भाजून घ्याव्यात. आणि नापास झालास तर चुलत्याच्या मेंढरांमागं जायचं, हे आबांनी बजावून ठेवलेलं. शेवटी औंधला जाऊन यमाईला कौल लावला. मूर्तीला फूल चिकटवलं. उजवं पडलं तर सायन्स, डावं पडलं तर आर्ट्स. फूल आमच्या उजव्या हाताला पडलं. आबांनी तिथंच नारळ फोडला. मी मात्र यमाईवर असा रुसलो, की सांगलीला येईपर्यंत तिचं नावही घेतलं नाही.

“कौल उजवा पडलाय, म्हणजे सायन्सच,” मी खिडकीशी रडवेला पुटपुटलो. मागं एक बाई उभी होती. कपाळावर कुंकू, खोटं नाही सांगत, ताटलीएवढं.

“कुणाचा उजवा रं?” तिनं विचारलं.

मी माझा उजवा हात वर करून दाखवला.

“तू आईम्होरं तोंड करून हुबा हुतास न्हवं? मग तुजा उजवा त्यो तिचा डावा. कौल तिचा, का तुजा?”

मी तिथंच हात पसरून गर्रकन वळून पाहिलं. ओळीतल्या पोरांना वाटलं, कवायत सुरू झाली. मग खिडकीत तोंड घालून “आर्ट्स” म्हणालो. नाव लागलं. बाईच्या पाया पडायला वळलो, तर मागं नुसती पोरं. ती कोण, कुठली, हा वाद मी घालत नाही. हात मात्र आपोआप जोडले गेले, रुसवा कुठल्या कुठं गेला.

आज मागं बघताना एवढंच कळतं. कौल आपण तिला मागतो आणि उजवं-डावं आपल्या अंगावरून ठरवतो. तिच्या बाजूला जाऊन उभं राहावं, बाकी सगळं तिच्यावर सोडावं. त्या दिवसानंतर मला काही कमी पडलं नाही.

घरी गेल्यावर आबांना सगळं सांगितलं. विजा चमकल्या, ओळ दुभंगली, कारकुनाची टोपी उडाली, असं थोडं वाढवूनच. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“फूल कुटंबी पडलं असतं,” ते म्हणाले, “तरी मी सायन्सच म्हणलो असतो. जेव आता.”