गुरुवारचा वाफसा

आमची शेवटची सव्वा एकर जमीन इंद्रायणीच्या काठाला होती. चिखलीतली बाकीची जमीन सोसायट्यांखाली आणि वर्कशॉपखाली गेली. ही उरली ती पूररेषेच्या आत होती म्हणून. बिल्डर तिकडे फिरकलेच नाहीत. पावसाळ्यात नदी तिथे दोन-चार दिवस मुक्कामाला यायची आणि जाताना गाळाचा एक थर ठेवून जायची. अशा कित्येक पुरांची साठलेली ती मळई. वडिलांनी तरुणपणी तिथे विहिरीसाठी खड्डा घेतला होता, तेव्हा दोन पुरुष खोल जाईपर्यंत हाताला खडा लागला नव्हता, असं ते येईल त्याला सांगत. माती चिमटीत घेतली तर पिठासारखी मऊ. आणि ओल धरून ठेवण्यात इतकी चिवट, की दसऱ्याच्या सुमाराला हरभरा टाकला की वरून थेंबभर पाणी न देता पीक घरात यायचं.

पण या मातीचा एक हट्ट होता. तिला नांगर लावायचा तो वाफशावरच, म्हणजे ओल बेतानं उतरून माती भुसभुशीत सुटायला लागली की. मुरमाड रानात दोन दिवस इकडेतिकडे झाले तरी खपतं. मळईत खपत नाही. ओली असताना नांगरली तर साबणाच्या वड्यांसारखी गुळगुळीत ढेकळं निघतात आणि दोन दिवसांच्या उन्हात त्यांच्या विटा होतात. वीटभट्टीवाले या मातीच्या मागे उगाच लागत नव्हते.

आणि माझी सुट्टी गुरुवारी. आमच्या पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, चाकणच्या माझ्या कंपनीलाही. वाफसा काही वार बघून येत नाही.

थोरल्या भावाला ते रान भराव टाकून उंच करायचं होतं आणि ट्रक उभे करायला भाड्यानं द्यायचं होतं. तो चिंचवडला राहतो, रानात वर्षाकाठी एकदा येतो आणि तिथून फोनवर उंटावरून शेळ्या हाकतो. "सोड ना राव," तो मला म्हणायचा, "कंपनीत मर मर मरतोस, वर हे कशाला?" वडील म्हणाले, "घरातलं कुणी नांगरामागं हाय तवर मुरूम पडायचा न्हाई." शेवटी मी भावाला शब्द दिला, की यंदा पीक आलं नाही तर मी आडवा येणार नाही. मोठ्या तोऱ्यात दिला. वडिलांच्या समोर दिला.

वडिलांचे गुडघे गेलेले. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत ते खुर्चीवर बसून असत. रानात जाणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून रान त्यांच्याकडे यायचं, माझ्या जेवणाच्या डब्यातून. पहिली शिफ्ट सुटली की मी चाकणहून येताना रानात थांबायचो, मधोमध जाऊन खुरप्यानं वीतभर खाली उकरायचो आणि मूठभर माती डब्यात भरून घरी आणायचो. ते तिचा मुठीत लाडू वळायचे आणि खुर्चीवरून फरशीवर सोडायचे. लाडू चपटा झाला तर ओल जास्त. फुटून भुगा झाला तर वाफसा. फरशी मग माझी बायको पुसायची आणि आम्हा दोघांना ऐकू जाईल इतपत बोलायची.

त्या वर्षी नवरात्रात पाणी उतरलं. सोमवारी लाडू भाकरीसारखा बसला. मंगळवारी त्याला चीर गेली. "शनवारपत्तूर हुईल," वडील म्हणाले.

शनिवारी मला ओव्हरटाइम होता. रजा संपलेल्या. पुढच्या गुरुवारपर्यंत वरची ओल उडून गेली असती. ही सगळी कारणं खरी आहेत आणि तरी ती अर्धीच आहेत. खरं म्हणजे मी दमलो होतो. दिवसभर मशीनपुढे उभं राहायचं, मोशीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर धूर खायचा, मग फेसाळलेल्या नदीच्या वासात चिखल तुडवायचा. मला ते काम एकदाचं संपवायचं होतं.

बुधवारी मी रानाच्या मधोमध गेलोच नाही. रस्त्याकडेच्या बांधावरची सुकलेली माती खरवडली, डब्यात भरली आणि घरी आलो. वडिलांनी लाडू वळला. वळताना अंगठ्यानं काहीतरी बाजूला काढून कठड्यावर ठेवलं. माझ्याकडे एकदा पाहिलं. लाडू सोडला, त्याचा भुगा झाला.

"झालाय वापसा," ते म्हणाले. "लाव उद्या."

गुरुवारी सकाळी ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाले चाचा चिखलीतले जुने मेकॅनिक. नांगराचं पहिलं तास, म्हणजे पहिली ओळ, ओढून त्यांनी वळून मागे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. "भाऊ, माती चमकतीय. दोन दिवस थांबू या."

"चालवा," मी म्हणालो. चाकणच्या रस्त्यावर 'अति घाई संकटात नेई' ही पाटी मी रोज दोनदा वाचतो. वाचून काय होतं?

आठवड्यानं त्या रानात चालताना पाय मुरगळत होता. ढेकळं कुळवानं फुटेनात, कुदळीनं फोडली तर कोपरे तेवढे उडत. तसाच हरभरा पेरला. चार हातांवर एखादं रोप आलं, तेही पिवळं. संक्रांतीला भाऊ येऊन बघून गेला. दिलेल्या शब्दाची आठवण त्यानं करून दिली नाही, हे मात्र त्याचं मानलं पाहिजे.

मुरमाचे ट्रक यायचे होते त्याच्या आदल्या दिवशी मी गॅलरीत वडिलांपाशी बसलो. ट्रकही गुरुवारीच येणार होते, मला सुट्टी म्हणून. मला राहवेना. म्हटलं, "आबा, त्या बुधवारची माती रानातली नव्हती. बांधावरची होती."

"ठावं हाय," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"हातात घेतली तवाच. मळईत खडा नसतो. तुज्या डब्यात तीन निगालं."

मी कठड्याकडे पाहिलं. कुंडीच्या आडोशाला ते तीन खडे अजून होते. बायकोनं इतके महिने तिथली धूळ पुसली होती आणि खडे तिथेच ठेवले होते.

"मग झालाय का म्हणालात?" माझा आवाज चढला. मला त्यांचा राग आला होता, अजूनही येतो. त्यांनी त्या दिवशी नाही म्हटलं असतं तर मी चिडलो असतो, धुसफुसलो असतो, पण शनिवारी खाडा करून रानात गेलो असतो.

"तुजं त्वांड बगितलं," ते म्हणाले. "रान काय, आज हाय उद्या न्हाई. त्यापाई तुला किती पळवायचा?"

दुसऱ्या दिवशी ट्रक आले. आता तिथे पुरुषभर भराव आहे आणि वर कंटेनर उभे असतात. कंपनीतून येताना मी कधी थांबतो, खाली वाकून हात लावतो. जिथे लावाल तिथे खडाच लागतो.