मनगटावरची थरथर

त्या वर्षी कपाशीची बोंडं अळीने आतून पोखरली आणि माझे यजमान बोलेनासे झाले. तेल्हाऱ्याच्या आमच्या घरात चूल दोन्ही वेळा पेटायची, पण शब्द ऐकू यायचा नाही. नवरात्र आलं तेव्हा मी देवीपुढे हट्ट धरला, की यांना बोलतं कर. शंका मनात होतीच. माझ्या दुखण्यात जिने ऐकलं नाही, ती आता तरी ऐकेल का?

धाकट्या लेकीच्या वेळी बाळंतपणात माझं फार रक्त गेलं आणि मेंदूच्या बुडाशी असलेली वाटाण्याएवढी ग्रंथी निकामी झाली. तिच्यावाचून अंगात ताकद टिकत नाही. तिचा रस रोज गोळीतून घ्यावा लागतो. अकोल्याच्या डॉक्टरांनी मनगटाला एक पट्टा बांधायला लावला होता. बसल्या जागी नाडी धावू लागली की तो थरथरायचा आणि यांच्या मोबाईलवर निरोप जायचा. गोळी अन्नासोबत घ्यायची, म्हणून सप्तमी-अष्टमीच्या कडक उपासात मी ती सोडली. कोणाला सांगितलं नाही.

अष्टमीला एकटीच एसटीने अमरावतीला देवीच्या दर्शनाला गेले. मंडपात बसल्यावर सगळं दूर सरकलं. टाळांचा आवाज पाण्याखालून येत होता, दिवे मोठे होत एकमेकांत मिसळत होते, आणि माझं अंग कापसासारखं हलकं झालं होतं. मनगट थरथरत होतं. मला वाटलं, देवीआईने हात धरला. इतकं सुख मी कधी अनुभवलं नव्हतं. दर्शन घेऊन बाहेर कशी आले, आठवत नाही. गल्लीतल्या एका बांगडीवालीच्या दुकानाच्या पायरीवर मी टेकले.

ती साठीची मुसलमान बाई. बांगड्या भरायला आले असं समजून तिने माझा हात हातात घेतला आणि थबकली.

"बाई, बर्फावानी हात झाला तुमचा. अन् हे काय थरथरून राहिलं?"

"देवी आली," मी म्हटलं.

"आली असन तं बसू द्या तिले. तुमी आडव्या व्हा."

तिने डोक्याखाली आपली ओढणी ठेवली. तेवढ्यात माझा फोन वाजला, तो तिनेच उचलला आणि माझी अवस्था सांगितली. पलीकडून यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"ताई, तिच्या थैलीत पांढरी गोळी आहे, दोन द्या. मीठ-साखरेचं पाणी पाजा अन् लवकर दवाखान्यात न्या. कोणती सुई द्याची, त्याची चिठ्ठी बी थैलीतच आहे."

महिनाभर मुका असलेला माणूस माझ्या दुखण्याचं सगळं तोंडपाठ सांगत होता. ऐकता ऐकता माझे डोळे मिटले.

तिनेच मला दवाखान्यात नेलं. सुई आणि सलाईन लागलं. संध्याकाळी हे आले, खाटेशी बसले.

"गोळी कावून सोडली?"

"तुम्ही बोलावं म्हणून."

 मग ते वावरातल्या कपाशीबद्दल, मनातल्या भीतीबद्दल, जे जे गिळलं होतं ते सगळं बोलले. मीही माझी भीती सांगितली.

मंडपातलं ते सुख कशाने आलं, याचं कारण डॉक्टर सांगतात. मी वाद घालत नाही. शरण जाणं म्हणजे स्वतःला टाकून देणं, असं मी समजत होते. देवीने ज्यांच्या हाती आपल्याला सोपवलं आहे, त्यांच्यापासून काही न लपवणं हीही शरणागतीच, हे मला त्या खाटेवर उमगलं. त्या बाईचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं. आरती संपली की मी क्षणभर हात जोडून तशीच उभी राहते. तो नमस्कार त्या बांगडीवालीला असतो.